गारेला जागा लागते

सदू,

तुझ्या दहाव्याला कावळा आला नाही.

नदीकाठी पिंड मांडून आम्ही बसलो होतो. ऊन कलायला लागलं तरी बाभळीवर काही हललं नाही. भटजी म्हणाले, "जिवाची काही इच्छा अडली असेल. घरच्यांनी शब्द द्या." तुझे दाजी पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "सदाशिवा, तुझ्या गाईला मी अंतर देणार नाही." तरी काही नाही. मग मी उठले. काय शब्द द्यावा ते सुचेना, म्हणून नुसतीच उभी राहिले. तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अहो, पण कावळा येणार कुठून?"

तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. चार दिवसांपूर्वीच्या गारांनी गावातला एक कावळा जिवंत ठेवला नव्हता. बाभळीखाली, देवळामागे, उकिरड्यावर ते काळे काळे पडले होते. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा वळला आणि तोच पिंडाला शिववला. माझ्या भावाला गवताच्या कावळ्याने वाट दिली. दुसऱ्या कुणाच्या दहाव्याला असं झालं असतं तर तू आधी ते मेलेले कावळे गोळा करून पुरले असतेस आणि मग पिंडाकडे आला असतास. मला ठाऊक आहे.

आपलं घर गारा परतवणाऱ्यांचं. पणजोबा दक्षिणेतून फौजेबरोबर माळव्यात आले ते त्यासाठीच, छावणीतल्या घोड्यांवर गार पडू नये म्हणून. फौज पुढे गेली, ते बागलीच्या वर या चिंचखेडीत राहिले, जिथे पठार संपतं आणि जंगल उतरत उतरत नर्मदेकडे जातं. कन्नौदच्या बाजारात साप बोलावणारा बसायचा, धामनोदकडे पाणी हाक मारून वर आणणारं एक घर होतं, तसे आपण. त्याचं कुणाला नवल नव्हतं. सुगीला प्रत्येक घरातून सूपभर धान्य यायचं आणि फाल्गुनात ढग वाजला की सगळे आपल्या दाराकडे बघायचे.

बाबांनी अक्षरं आपल्या दोघांना शिकवली, मंत्र मात्र तुला एकट्याला. मी कणगीच्या आडून ऐकायची. तुला ते कळायचं, आणि बाबांनी एखादा शब्द पुटपुटला की तू मुद्दाम विचारायचास, "काय म्हणालात? जरा मोठ्याने सांगा." बाबा चिडायचे. तुझा एक डोळा कणगीकडे असायचा. सगळं घर मला आक्का म्हणायचं, तू इकडच्या पोरांसारखं जिजी म्हणायचास. आता तसं म्हणणारं कुणी नाही.

तापात मी मोहाची फुलं मागितली होती ते मला आठवतं. मार्गशीर्ष होता, फुलं कुठली असायला? तू कुणाला न सांगता जंगलाच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या मोहाकडे गेलास आणि त्याच्या खोडाला दोन्ही हात लावून बसलास. संध्याकाळी ओंजळभर फुलं घेऊन आलास. ओली, गोड, वासाने घर भरलं. बाबांना कळलं तेव्हा त्यांनी तुला ओल्या फोकाने मारलं. मला वाटलं, एवढ्याशा फुलांसाठी एवढा मार? चैत्रात कळलं. त्या मोहाला एक फूल आलं नाही. खालच्या पाड्यातल्या बाया टोपल्या घेऊन आल्या, वर बघत उभ्या राहिल्या आणि तशाच गेल्या. वानरंही येऊन गेली. तू घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपलास, जेवला नाहीस. बाबा तुझ्याजवळ बसले, म्हणाले, "कळलं ना? आपण काही निर्माण करत नाही. इथलं उचलून तिथे ठेवतो."

त्यानंतर तू झाडाला विचारल्याशिवाय एक काटकी मोडली नाहीस. लोक तुला हसायचे. दाजी तर माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा आपल्याकडे आले, तेव्हा तू पळसाशी बोलताना दिसलास आणि ते मला म्हणाले, "तुझा भिया डोक्याने जरा गेलेला दिसतो." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. पुढे आम्ही चिंचखेडीतच शेती करू लागलो, तेव्हा तेच दाजी आंब्याला मोहर धरेना की तुझ्याकडे यायचे, आणि तू झाडाच्या बुंध्याला कान लावून सांगायचास, "पायाशी दगड आहे, तो काढा," किंवा "त्याला यंदा विसावा हवाय, राहू द्या." लग्न केलं नाहीस. कुणी विषय काढला की म्हणायचास, "इतकी माणसं आहेत माझ्याकडे," आणि हात जंगलाकडे करायचास.

बाबा ढगाला दटावायचे. तू तसं कधी केलं नाहीस. तू बांधावर उघड्या डोक्याने उभा राहायचास, हातात पळसाची डहाळी, आणि चुकलेल्या गाईला वळवावं तसं बोलायचास, "चल गं बाई, इथे नको, तिकडे चल, तिकडे मोकळं आहे." आणि तो एवढा ढग, पोटात गडगडणारा, खरंच मान वळवायचा. मी किती वेळा पाहिलं, तरी दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा.

तिकडे म्हणजे गारमाळावर. पणजोबांनी शोधलेली ती जागा. नुसता खडक आणि काटेरी झुडपं, ना शेत, ना घरटं. वर्षानुवर्षं गार तिथेच पडायची. ऊन आलं की आपण मडकं घेऊन पळायचो, गारा गुळाबरोबर खायचो, दात दुखेपर्यंत. गावातल्या कुणालाही विचारलं तर तो सांगेल की गार ही मजेची गोष्ट आहे. इतक्या सुखात ठेवलंत तुम्ही आम्हाला.

मग संवत छप्पनचा, इकडे छपन्या म्हणतात तो दुष्काळ आला. खालून, घाटाच्या पायथ्याकडून माणसं वर आली. जी वाचली ती. त्यांच्यात ती रेमली होती, नवरा आणि तीन मुलं वाटेतच गेलेली, उरलेली एक पोर पाठीला बांधलेली. त्यांना कुठेच जागा नव्हती, म्हणून ती माळावर बसली. हातांनी दगड वेचले, काटे जाळले आणि हरभरा पेरला. गाव म्हणालं, हाकला त्यांना. तू सांगायला गेलास की इथे गार पडते, इथे राहू नका. मी बरोबर होते. रेमलीने तुझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग आम्ही जायचं कुठे: "बा, फिर हम कां जावां?"

तू वाकून माळावरचे दगड चाचपलेस. मग खडकाच्या एका भेगेजवळ जाऊन म्हणालास, "इथे खणा. हातभर खाली पाणी आहे." परत येताना मी म्हटलं, "सदू, आता गार कुठे टाकशील?" तू म्हणालास, "बघू." तुझ्या त्या 'बघू'चा मला फार राग येतो. अजूनही येतो.

पुढच्या फाल्गुनात कुठलीच जागा उरली नव्हती. या बाजूला आमची अफू आणि गहू, त्या बाजूला माळावरचा हरभरा, आणि पलीकडे जंगल. तू जंगलाकडे वळवलीस. दुसरं काय करणार होतास?

दुसऱ्या दिवशी मी तुझ्याबरोबर गेले, कारण तुला एकट्याला जाऊ द्यायची मला भीती वाटली. सालईच्या झाडांखाली सगळं हिरवं हिरवं पडलं होतं. मला आधी पानं वाटली. पोपट होते. एक वानरी पिलाला पोटाशी धरून बसली होती, दोघंही गेलेली. तू एकेक उचलत होतास, चिखल पुसत होतास, जणू पुसला की उठेल. मी म्हटलं, "सदू, चल आता." तू म्हणालास, "जिजी, यांना मी सांगितलं होतं की तुमच्याकडे कधी पाठवणार नाही." मग खड्डा खणायला बसलास. मीही बसले. आपण दोघांनी हातांनी माती लोटली.

त्यानंतर दरवर्षी तेच झालं. दरवर्षी ढग आला, दरवर्षी गाव वाचलं, माळ वाचला, आणि दरवर्षी तू फावडं घेऊन जंगलात गेलास. तुझ्याकडे येणारं सूपभर धान्य तू घेईनासा झालास. माणसांशी बोलणं कमी झालं. आम्हाला वाटायचं, वय झालं.

यंदा शिवरात्र झाल्यावर तू आमच्याकडे जेवायला आलास. आमच्या अफूची बोंडं भरली होती, चार दिवसांत चीक काढायला त्यांना चिरा लावायच्या होत्या. मी भाकरी वाढत होते. तू खाली बघूनच म्हणालास, "यंदा मी जंगलावर टाकणार नाही."

दाजींचा घास हातात राहिला. "मग माळावर टाकणार?"

"तिथे माणसं आहेत."

"म्हणजे आमच्यावर."

"नाही दाजी."

"अरे मग कुठे? ती काही आभाळात राहायची नाही. तूच सांगतोस, गारेला जागा लागते."

"जागाच बघतोय," तू म्हणालास.

मग मी बोलले. बोलले ते सगळं मला आठवतं आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. मी म्हटलं, "सदू, पोपट परत अंडी घालतात. बोंडं एकदा फुटली तर वर्षभर चुलीवर काय ठेवू? रेमलीने काय ठेवायचं? तुला जंगलाचं दुःख आहे, मान्य. पण तू आधी माणूस आहेस की नाही?"

तू म्हणालास, "पोपटांनी यंदा अंडी घातलीच नाहीत, जिजी. आणि झाडं बोलत नाहीत माझ्याशी. मी हात ठेवतो तर नुसतं लाकूड लागतं. बाजारातल्या फळीसारखं."

"झाडं बोलली नाहीत म्हणून माणूस मरत नाही," मी म्हटलं.

"तुझं खरं असेल," तू म्हणालास. उरलेली अर्धी भाकरी फडक्यात बांधलीस आणि उठलास. दारात थांबून म्हणालास, "भाकरी चांगली झाली होती." एवढंच. मी रागात होते, मी वळूनही बघितलं नाही. मला वाटलं, उद्या येईल, परवा येईल, भांडण पुरं करू. आपलं कुठलं भांडण एका बैठकीत संपलंय?

ढग आला तो कन्नौदकडून, भर दुपारी. पांढरट हिरवा, आणि त्याच्या पोटात दगडांवरून शंभर गाड्या चालल्यासारखा आवाज. सगळं गाव खळ्यावर जमलं. बांधावर तू नव्हतास. बाया रडायला लागल्या, दाजी बांधाकडे पळाले. माळावर रेमलीची माणसं पोरांना टोपल्यांखाली झाकत होती, ती इथून दिसत होती. आणि मग तो ढग थांबला. गावावर नाही, माळावर नाही, जंगलावरही नाही. मधल्या कोरड्या नदीवर तो खाली वाकला आणि पोत्याचं तोंड सोडून धान्य ओतावं तशी सगळी गार एकाच जागी ओतायला लागला. आमच्या शेतावर तेव्हा ऊन होतं. अफूचं एक बोंड हललं नाही.

लोक हसायला लागले, सदू. टाळ्या वाजवायला लागले. दाजी ओरडले, "सापडली रे! जागा सापडली याला!" आणि मीही हसले. मला एवढा आनंद झाला की मी कुणाच्या तरी गळ्यात पडले. मनात म्हटलं, बघ, नदी कशी सुचली नाही आपल्याला इतकी वर्षं? आज याला गोड करून घालते.

गार थांबल्यावर आम्ही नदीकडे गेलो. पात्रात घरापेक्षा उंच बर्फाचा ढीग होता, आणि त्याच्या कडेला फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी.

मी तिथेच खाली बसले. बाबांचं वाक्य मला आठवलं. कणगीच्या आडून ऐकलेलं, तुझ्या शिकवणीच्या अगदी शेवटी: "गार अंगावरही घेता येते. ती एकदाच घेता येते. तू घ्यायची नाहीस." तू तेव्हा 'हो' म्हणाला होतास. मी ऐकलं होतं. एवढ्याशा पात्रात अख्खा ढग मावत नाही, जागा तूच झाला होतास.

फावड्यांनी ढीग उपसला. तू मांडी घालून बसला होतास, तळवे मातीवर टेकलेले. अंगावर एक ओरखडा नव्हता. पण उचलायला गेलो तर सात-आठ गड्यांना तू उचलेनास. सगळ्या गावाने मिळून कसंबसं गाडीत घातलं तर आख मोडला. सगळ्या ढगाचं वजन तुझ्या अंगात होतं. तुला तिथेच नदीत अग्नी दिला. लाकडं पेट घेईनात. पेटली तेव्हा चितेखालून पाणी वाहायला लागलं, स्वच्छ, थंड, आणि संध्याकाळपर्यंत वाहत राहिलं. रेमली आणि तिची माणसं पलीकडच्या काठावर उभी होती. 

तू मला का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस तर मी तुला दोरीने बांधून ठेवलं असतं. म्हणूनच सांगितलं नाहीस, हे कळतं मला. पण मी मागत होते ते गैर नव्हतं, सदू. घरात पोरं आहेत. मी परतही तेच मागेन. फक्त तू ते उत्तर द्यायला नको होतंस. दुसरं कुठलं उत्तर होतं ते मला माहीत नाही. नव्हतंच बहुतेक.

तुझं सुतक चालू होतं आणि दुसरा ढग आला.

असं कधी होत नाही. एका फाल्गुनात दोनदा कधी झालं नव्हतं. पण झालं. अजून निम्म्या बोंडांना चिरा लागल्या नव्हत्या, माळावरचा हरभरा काढायला आला होता. लोक आपल्या दाराकडे बघायला लागले. सवयीने. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी माना खाली घातल्या. मी घरातून निघाले. दाजी म्हणाले, "कुठे?" मी सांगितलं नाही. पळसाची डहाळी तोडली आणि बांधावर जाऊन उभी राहिले, उघड्या डोक्याने, सगळ्या गावासमोर.

मला सगळे शब्द येत होते. एकही चुकला नाही. बाबांच्या चालीत म्हटले, मग तुझ्या चालीत म्हटले. "चल गं बाई, इथे नको." कुठे चल म्हणू ते कळेना, म्हणून तेवढंच म्हणत राहिले. ढगाने माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं होतं की काहीतरी जाणवेल. तुला जे ऐकू यायचं त्यातलं थोडंसं, एखादं अक्षर. काही ऐकू आलं नाही. पहिली गार खांद्यावर लागली, दुसरी कपाळावर. दाजींनी मला ओढत घरात आणलं.

त्या दिवशी सगळीकडे पडली. कुणी वळवायलाच नव्हतं, मग तिने कुणाला वगळलं नाही. आमची अफू गेली, गहू गेला. माळावर एक झोपडी उभी राहिली नाही. जंगलात मी गेले नाही. तू नाहीस तर मी तिथे एकटी काय उचलणार होते? पण दुसऱ्या दिवशी वारा तिकडून सुटला आणि गावात वास आला. तू बर्फाखाली बसून जे वाचवलंस ते सगळं आठवडाभरसुद्धा टिकलं नाही. हे तुला सांगावं की नाही, यावर मी फार विचार केला. पण तुझ्याशी खोटं बोलायची सवय नाही मला.

परवा रेमली आली होती. पाठीवर बोचकं, हाताला ती पोर. तुझ्या अंगणात उभी राहिली. म्हणाली, "बाई, बा होतो तो..." बा असता तर, एवढंच. मी तिला पाणी दिलं. ती माणसं खाली गेली, कुठे ते त्यांनाही माहीत नव्हतं. माळ आता पूर्वीसारखा मोकळा आहे. खडक आणि काटे. गारेला जागा झाली आहे, आणि तिला तिकडे घेऊन जाणारं कुणी नाही.

आम्हीही निघतोय. दाजींच्या ओळखीने धामनोदला, मोठ्या रस्त्यावर, गाडीवानांच्या अड्ड्यावर काम आहे. बैलांना वैरण-पाणी करायचं, मी भाकऱ्या थापायच्या. तुझी गाय बरोबर नेतोय, तेवढा शब्द पाळला जाईल. घराला कुलूप लावणार नाही, आत काही नाही. मंत्र मी पोरांना शिकवणार नाही. मला ते येतात, पण माझ्या तोंडात ते नुसते शब्द आहेत, आणि नुसते शब्द कुणाच्या पदरात घालायचे?

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तू माझ्यासाठी केलंस ते सगळं मला ठाऊक आहे, ती फुलंसुद्धा. दोन्ही बरोबर घेऊनच चाललेय.

धामनोदला आपल्याला कुणी ओळखत नाही. कुठले आहात, घरचं काय होतं, असं कुणी विचारलं तर सांगेन, शेती करत होतो.

तुझी,
जिजी